राणीच्या जागी बनाबाई

बनाबाईच्या रंगावर जन्मभर सगळ्यांनी तोंडसुख घेतलं. पोराच्या लग्नात तर फोटोवाला म्हणाला, "मावशी, जरा मागं सरा, फोटो काळा येतोय." बापडी सरली. झालं! लेकाच्या आल्बममध्ये आईच नाही. वडूजच्या माळावर तिच्या मेंढरांना रंगाशी काय घेणं? माणसांत आलं की मात्र रंग आधी, बाई मागाहून.

म्हणून सांगलीची प्रियदर्शनी कॅमेरा घेऊन दारात आली, तेव्हा बनाबाईने आधी तिला हाकललंच. पण पोरगी चिवट. तिने एका जुन्या दरबारी चित्राची प्रत पुढे धरली. मधोमध गोरीपान राणी, मागे चवरी ढाळणारी काळी दासी.

"मावशी, या राणीच्या जागी तुम्ही बसायचं. असंच लुगडं, असाच लोड. चेहरा मात्र तुमचा, आहे तसा."

"पावडर न्हाई लावायची?"

"अजिबात नाही."

"मग बसती."

आणि बसली ती अशी, की लोडालाही वाटावं, कुणीतरी मोठं टेकलं. कॅमेऱ्यात स्वतःला पाहून म्हणाली, "आगं बया, हाय की मी!" पुन्हा पुन्हा पाहत राहिली.

प्रियदर्शनीने त्या फोटोचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा बनाबाई सून मायाला घेऊन सांगलीला गेली. भिंतभर फोटो, खाली ठळक नाव बनाबाई, आणि वर दुधासारखी गोरी बाई.

"ही कोण गं?"

"आवं आत्या, तुमीच की! लय झ्याक दिसताय!"

प्रियदर्शनीचं तोंड उतरलं. फोटो छापून भिंतीवर लावणारा दादासो अजून शिडीवरच होता. लग्नाचे, वाढदिवसाचे फलक छापणारा माणूस. चेहरा दिसला की गोरा करून टाकायचा, ही त्याच्या हाताची सवयच.

"म्याडम, बाईमाणसाला काळं कोण छापतं व्हय? मी आपलं आपुलकीनं केलं."

लावायच्या आधी प्रियदर्शनीने बघायला नको? पण ती भाषण लिहीत बसली होती, रंगभेदावर.

"मावशी, उद्या दुसरा छापते. आज पाहुणे दारात आलेत..."

"ऱ्हाऊ द्या की," माया म्हणाली, "घरात बी ह्योच लावू."

बनाबाई शांतपणे म्हणाली, "खालचं नाव काढ."

"अहो मावशी, पण तुमच्या नावासाठीच तर हे सगळं..."

"त्या बाईचं काय आसंल ते लाव. माजं काढ."

कुणी हलेना. मग तिनेच नखाने नावाच्या पट्टीची कड उचकटली, ओढून काढली आणि वडूजची यस्टी गाठायला निघाली. माया मागेच राहिली. गोऱ्या सासूबरोबर तिचा सेल्फी अजून मनासारखा येत नव्हता.