पहिला डबा शेजारणीचा

आमच्या घरातलं आपत्ती व्यवस्थापन माझी आई बघते. तिला हा शब्द माहीत नाही. ती म्हणते, आगोट भरायची. पावसाळ्यात घराबाहेर पडायला मिळणारच नाही असं धरून मे महिन्यात जे जे साठवायचं, ते सगळं म्हणजे आगोट. आई उरणकडच्या मिठागरातली लेक. तिच्या लहानपणी भरतीचं पाणी बांध फोडून आत शिरलं की गावाचं बेट व्हायचं आणि घरात जे असेल त्यावर दिवस काढायचे. आता ती पनवेलमध्ये, नदीपासून हाकेच्या अंतरावरच्या चार मजली बिल्डिंगमध्ये, पहिल्या मजल्यावर माझ्यासोबत राहते. माझा नवरा गेल्यापासून आम्ही दोघीच. खाली कोपऱ्यावर किराणा दुकान आहे, फोनवर बोट ठेवलं की धने-जिरे दारात येतात. तरी आगोट चुकत नाही.

सगळ्यात आधी मीठ, बरणीचं तोंड फडक्याने बांधून. मग तांदूळ, एरंडेलाचा हात फिरवून, कीड लागू नये म्हणून मधेमधे बिब्बे घालून. डाळी, गूळ, चिंच, कोकम, मेणबत्त्या, काडेपेट्या, रॉकेलचा स्टोव्ह आणि त्याच्या पिना. रॉकेल आता सहज मिळत नाही, ते आई गावाकडच्या ओळखीतून मागवते. टॉर्च, पाण्याचे कॅन आणि बीपीच्या जादा गोळ्या ही माझी भर, आणि ती आईला अजून पटलेली नाही. शेवटी सुके मासे. बोंबील, सोडे, सुकट उरणच्या बाजारातून आणायची, गच्चीवर पसरून कडक ऊन द्यायचं आणि मगच डबे बंद करायचे. ऊन दिलं नाही तर जुलैत झाकण उघडल्यावर आत अळ्या निघतात.

गुडघ्यांनी आईची बाकीची कामं एकेक करून काढून घेतली होती. स्वयंपाक माझ्याकडे आला, बाजारहाट माझ्याकडे आला. तिच्या हातात एकच काम उरलं होतं. मे महिन्यात गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचं आणि काठीने कावळे हाकायचे. जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर टेकायची, मला शिव्या घालायची, बिल्डिंग बांधणाऱ्यालाही घालायची. पण त्या दिवसांत ती माझ्या आधी उठून, वेणी घालून तयार असायची. वर्षभर ‘माजं आता काय काम हाय’ म्हणणारी बाई मे महिन्यात माझ्यावर हुकूम सोडायची. मला ते फार आवडायचं.

आगोटीचा तिचा एक नियम होता. पहिला डबा शेजारणीचा. आपल्या घरात दाणा पडण्याआधी शेजारच्या घरात पडला पाहिजे. ‘शेजारनीचा डबा रिकामा आसंल तर आपला भरलेला किती दिस पुरंल,’ असं ती म्हणायची. गावात सगळ्याच घरांत हा नियम होता, म्हणून तो चालला. मी तो लहानपणापासून ऐकत आले होते आणि पनवेलच्या बिल्डिंगमध्ये तो चालेल की नाही याचा विचार मी कधीच केला नाही.

समोरच्या दारात वहिनी राहतात. पुण्याकडच्या, नवरा-बायको दोघंही नोकरीला, घरात मासे वर्ज्य. त्या मला ताई म्हणतात. राहायला आल्या त्या पहिल्या मेमध्ये आमचे डबे, बरण्या आणि कॅन बघून त्या हसून म्हणाल्या, “ताई, युद्ध होणार आहे का?” बोंबलाची पाटी घेऊन मी जिना चढले तेव्हा त्यांनी ओढणी नाकाला लावली, पण अगदी हळूच, मला दिसू नये अशी. आईने पाठवलेला मिठाचा डबा त्यांनी घेतला आणि बहुधा कुठेतरी सरकवून ठेवला.

त्याच जुलैत नदी रस्त्यावर आली. आमची बिल्डिंग खांबांवर आहे, खाली नुसतं पार्किंग. पाणी मीटरच्या पेट्यांपर्यंत चढलं आणि लाइट गेली, पाइपचा गॅसही बंद झाला. लाइट नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून नळाला पाणी नाही. वहिनींचे मिस्टर कामासाठी परगावी होते. घरात विजेची शेगडी, नूडल्सची पाकिटं आणि रडणारी लहान मुलगी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमचं दार वाजवलं. “ताई, हिच्या दुधासाठी थोडं गरम पाणी मिळेल का?”

आतून आईच बोलली. “पानी कशाला मांगतंस गो? पोरीला घेऊन आत ये. दोनी दारं उघडी ठेवा.”

पाणी ओसरेपर्यंत दोन्ही घरं एका स्टोव्हवर जेवली. भात, डाळ, भाजलेला पापड, पुन्हा भात. एका दुपारी मी आईसाठी बोंबील भाजत होते. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मला एक तुकडा द्याल?” तुकड्याचा अख्खा बोंबील झाला, त्याच्यासोबत वाटीभर भात झाला, आणि मग त्या बोटं चाटून म्हणाल्या, “आमच्या घरी सांगू नका हं.” आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मलाही वाटलं, चला, आपलं माणूस मिळालं.

पुढच्या मेपासून वहिनींची आगोट आमच्याआधी भरली जाऊ लागली. एरंडेल किती, बिब्बे किती, स्टोव्हची वात कशी कापायची, सगळं मी त्यांना हाताला धरून शिकवलं. स्टोव्ह आणून दिला, रॉकेल आईने मागवलं. सोड्यांची एक बाटली त्यांच्याकडेही गेली. सासूबाई राहायला आल्या की ती बाटली पिठाच्या डब्यामागे जायची. सुट्टीच्या दिवशी त्या गच्चीवर आईशेजारी छत्री धरून बसायच्या आणि आई त्यांना मिठागरातल्या गोष्टी सांगायची. त्यातल्या काही तिने मलाही कधी सांगितल्या नव्हत्या. मला बहीण नाही. ती उणीव भरून निघाली असं मी धरून चालले होते.

मग चौथ्या मजल्यावर नवीन माणसं आली. गच्चीचं दार उघडलं की वास येतो, कावळे बोंबलाची मुंडकी खिडकीत टाकतात, अशी त्यांची तक्रार होती. कावळ्यांचं खरं होतं. एका रविवारी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग बसली. मी उठून सांगितलं की वर्षातून दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे, म्हातारं माणूस आहे, तिचं तेवढंच काम उरलंय, गच्ची मी स्वतः फिनाइलने धुऊन देईन. लोक फोनमध्ये बघत होते. सेक्रेटरी म्हणाले, “गच्चीवर मासे वाळत घालायला बंदी. मान्य असेल त्यांनी हात वर करा.”

हात वर जाऊ लागले तरी मी घाबरले नाही. मी वहिनींकडे बघत होते. त्या आता उठतील, पुराचं सांगतील, त्यांचं बोलणं गोड आहे, चार लोक ऐकतील. वहिनींचा हात वर गेला. पूर्ण नाही. कोपर अंगाला चिकटलेलं, पंजा कानापाशी, शाळेत पोरं बाहेर जायला विचारतात तसा. सेक्रेटरींनी मोजताना तोही धरला.

मी वर आले तर आई गॅलरीत उभी. तिथून पार्किंगमधलं दिसतं, ऐकू येत नाही. “वहिनीनी हात कशाला वर केलता?” तिने विचारलं.

“चहा कोणाकोणाला हवा ते विचारत होते,” मी म्हटलं.

“मंग मिलाला तिला?”

“नाही. तिच्यापर्यंत आला नाही.”

संध्याकाळी जिन्यात वहिनी भेटल्या. त्याच आधी बोलल्या. “सगळ्यांनीच केला हो ताई. मी एकटी कशी वेगळी दिसणार? तुमच्याबद्दल काही नाही, वासाचं तेवढं होतं. मनावर घेऊ नका.” वासाचं. पिठाच्या डब्यामागची बाटली माझ्या अगदी जिभेवर आली होती. ती मी गिळली, कारण बोलले असते तर मी जिन्यातच रडले असते. घरी येऊन ओट्यापाशी उभी राहून रडलेच. गरज सरो, वैद्य मरो हे मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाबतीत म्हणत आले होते. वहिनींच्या माळ्यावर आता मीठ होतं, तांदूळ होते, स्टोव्ह होता, सगळी अक्कलही होती. आमचं दार वाजवायचं कारणच आम्ही त्यांच्या घरात भरून ठेवलं होतं. आईच्या नियमाचा मला इतका राग आला की त्या रात्री मी तिच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

पुढच्या मेमध्ये आईला सांगितलं, गच्ची गळते, वर डांबराचं काम काढलंय, यंदा जायचं नाही. तिने मान हलवली. खारघरच्या मॉलमधून मी बोंबलाचं बंद पाकीट आणलं. तिने ते उलटसुलट केलं, वास घेतला, प्लास्टिकचाच आला, आणि बाजूला ठेवलं. ती उशिरा उठू लागली. दुपार झाली तरी वेणी घातलेली नसायची. मी काही विचारलं की म्हणायची, “तुला सोपं पडंल ते कर.” हुकूम देणारी ती बाई घरातून निघून गेली होती, आणि ती कोणामुळे गेली हे मला रोज समोरचं दार बघून आठवायचं. डबे भरताना तिने विचारलं, “पयला वहिनीचा भरला ना?” मी म्हटलं, भरला. भरला नव्हता. रॉकेलही पाठवलं नव्हतं.

यंदा पाणी पुन्हा पार्किंगमध्ये आलं. मीटरपर्यंत पोचलं आणि लाइट गेली. दुपारी दार वाजलं. वहिनी उभ्या होत्या, हातात रिकामी बाटली. मधल्या काळात आम्ही जिन्यात हसत होतो, तेवढंच. “ताई, थोडं रॉकेल असेल का? स्टोव्हमधलं संपलंय.”

माझा हात दारावरच होता. ‘नाही’ तोंडात तयार होतं, खरं सांगायचं तर वर्षभर तयार होतं. तेवढ्यात आतून खाटेवरून आई म्हणाली, “कोन हाय?”

“वहिनी आहेत.”

“तिला आत घे. आदी चा दे. मागं खाली हात वर करून मागत व्हती, तवा नाय मिलाला तिला.”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी आईला काय सांगून ठेवलं होतं ते त्यांना त्या क्षणी कळलं, आणि या वेळी त्यांच्याजवळ ‘वासाचं तेवढं’ असं काही नव्हतं. त्या आत येऊन खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या. मी स्टोव्ह पेटवला, चहा केला. त्या कप हातात धरून बसल्या, पिईनात.

“पी गो,” आई म्हणाली. “लय दिस झालं मागून.” आणि मग तशाच आवाजात, त्यांच्याकडे न बघता, “माजी खुर्ची वर गच्चीवर भिजत आसंल. सवड झाली का तेवरी खाली आनून दे. आता तिथं कोन बसनार हाय.”

डांबराच्या कामाबद्दल ती काहीच बोलली नाही. तिला केव्हापासून सगळं माहीत होतं, ते मी अजून विचारलेलं नाही.

वहिनी चहा तसाच ठेवून उठल्या आणि पाऊस थांबायची वाट न बघता वरच्या जिन्याला लागल्या. मी त्यांची बाटली भरली, दाराबाहेर ठेवली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने बाहेर काहीतरी टेकवल्याचा आवाज आला. मी दार उघडलं तेव्हा बाटली गेलेली होती. ओली खुर्ची उंबऱ्याशी होती आणि तिच्यावर आईची कावळे हाकायची काठी आडवी ठेवलेली होती. समोरचं दार बंद होतं.