क्रूसावरचा फ्लडलाइट आणि पास्कूचे तारे

पास्कूचे तारे मी घालवले.

तो जाऊन महिना झाला, म्हणून आज चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे त्याच्यासाठी प्रार्थना होती. तिथे सगळे त्याच्याविषयी चांगलं बोलले. मीही बोललो. हे मात्र बोललो नाही.

पास्कू माझा शेजारी, आमच्या मरोळच्या गावठाणातला. कारखान्यात फिटर होता. रिटायर झाल्यावर एक सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि गच्चीवरून आकाशाचे फोटो काढायला लागला. कोणी शिकवलं नाही. चुकत-माकत स्वतःच शिकला.

मी विचारायचो, अरे, मुंबईत तारे आहेत कुठे? तो म्हणायचा, थोडेच दिसतात, पण बेथलेहेमच्या मेंढपाळांनी त्या रात्री बघितले तेच आहेत. देवाने एवढं मांडून ठेवलंय, आपण मान तरी वर करायला नको?

शटर किती वेळ उघडं ठेवायचं, ते घड्याळावर नाही. दोन 'नमो मरिया' म्हणून होईपर्यंत.
एकदा बटण माझ्या हातात दिलं. फोटो काळाकुट्ट आला.

"इनास, तू प्रार्थनासुद्धा बस सुटत असल्यासारखी म्हणतोस रे."

दर नाताळाआधी त्याचा एक फोटो ठरलेला. नाक्यावरचा आमचा जुना क्रूस, आणि वर मृगाचे तीन तारे. प्रिंट काढून घरोघर द्यायचा.

मग गावठाणाच्या कमिटीने क्रूसावर फ्लडलाइट बसवला. पुढाकार माझा. बटण माझ्याच ओटीवर. क्रूस दुधासारखा उजळला आणि मी छाती फुगवून फिरलो.

पास्कूच्या फोटोत मात्र नुसता पांढरा उजेड.

एका संध्याकाळी रोझरीची प्रार्थना संपल्यावर तो हळूच माझ्याजवळ आला.

"रोज नको रे. नाताळाआधी एक दिवस, अर्धा तास बंद करशील?"

चार माणसं ऐकत होती. माझी जीभ सैल सुटली.

"तुझ्या चार ठिपक्यांसाठी क्रूस अंधारात ठेवू? देवापेक्षा कॅमेरा मोठा झाला काय तुला?"

लोक हसले. तोही हसला.
क्रूसावरच्या उजेडाविरुद्ध त्याच्यासारखा भाविक माणूस बोलणार तरी काय?

त्या नाताळाला फोटो आला नाही. पुढच्याही नाही. विचारलं तर म्हणाला, गुडघे दुखतात, गच्ची चढवत नाही.

मला खरं कारण ठाऊक होतं. बटण माझ्या दारात. दोन वर्षं माझा हात तिथे गेला नाही. का, तर लोकांसमोर बोललेलं परत कसं घ्यायचं.

गेल्या महिन्यात सकाळी चहा पिता पिता तो गेला. कपात चहा तसाच.

आज मिस्सेनंतर कमिटीतली तरुण मंडळी माझ्याकडे आली. म्हणाली, अंकल, पास्कू अंकलच्या आठवणीत क्रूसावर अजून एक लाइट लावूया ना.

मी नको म्हटलं.

का, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या तोंडावर सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय. पोरांनो, वाचा.

पास्कू, चुकलं माझं. देवाघरी सुखात राहा रे बाबा.