मामांनी शिवलेला पासपोर्ट

माझे मामा बाइंडर. विस्कटलेलं पुस्तक धड करणं हा त्यांचा धंदा आणि खोडही. कुणाच्या घरची डायरी सुटलेली दिसली तरी त्यांचे हात शिवशिवायचे. मामी गेल्यावर दुकानामागच्या खोलीत, खळीच्या वासात, त्यांनी मुलीला एकट्यानं वाढवलं. ताई आता परदेशात असते आणि तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. "बाबा आल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही," असं तिनं डॉक्टरांना बजावलं होतं. फार थांबता येणार नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

कागदपत्रांचं मी बघितलं. मी कटकटी आहे असं घरात सगळेच म्हणतात, म्हणू देत. परतल्यानंतरही पासपोर्टची सहा महिने मुदत लागते, मामांची चांगली दोन वर्षं होती. व्हिसा, परतीचं तिकीट, विमा, हॉस्पिटलचं पत्र, सगळं जागच्या जागी.

विमानतळाच्या वाटेवर मामांनी खिशातून पासपोर्ट काढला. "बघ, कसा झालाय."

मी तो हातात घेऊन उघडला. कव्हर ताठ, कडा सफाईनं कापलेल्या, पानं नव्या दोऱ्यानं शिवलेली.

"मामा, हे काय केलंत?"

"व्हिसा लागून आला तेव्हा पाठीतून सुटत होता. असा फाटका घेऊन परक्यांच्या दारात जायचं? एक पान इकडचं तिकडे झालेलं नाही."

टॅक्सीवाल्यानं आरशातून पासपोर्टकडे बघितलं. त्याचं ते बघणं मला अजिबात आवडलं नाही.

काउंटरवरच्या मुलीनं तारीख पाहिली, व्हिसा पाहिला, मान डोलावली. मग तिचा अंगठा शिलाईवर थांबला. तिनं साहेबांना बोलावलं. मामा खुशीत होते, कुणीतरी काम निरखतंय म्हणून. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.

"पासपोर्ट उसवून परत शिवलाय," साहेब म्हणाले. "मुदत असली तरी आता हा चालणार नाही. पानं बदलली नाहीत, हे कोण सांगणार?"

"मी सांगतो ना. मीच शिवलाय."

साहेबांनी पासपोर्ट परत दिला नाही. तेवढ्यात ताईचा फोन आला. "बाबा, आत गेलात का? डॉक्टर म्हणतात, आता एक दिवसही पुढे ढकलता येणार नाही. तुम्ही उतरलात की लगेच नेतील मला."

मामांनी फोन माझ्या हातात ठेवला.

"तूच सांग तिला," ते म्हणाले. "म्हणावं, माझ्यासाठी थांबू नकोस."