कुरणातल्या गाईसमोर

जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गहून बस सुटली तेव्हा डोंगरावर दाट धुकं होतं. फुटबॉलचा विश्वचषक उन्हाळ्यातच संपला होता, तरी काही खिडक्यांत झेंडे अजून लटकत होते. माझी भाची ऋचा तिसरीत. तिचा वर्ग शूलबाउअर्नहोफला (शाळकरी मुलांना शेतीकाम शिकवणारं शेत) निघाला होता आणि बाईंना सोबत एक मोठं माणूस हवं होतं. ताईला रजा मिळेना, म्हणून नाशिकहून पाहुणी आलेली मी गेले. जर्मन मला ‘डांके’, म्हणजे धन्यवाद, एवढंच येत होतं.

शेताच्या मालकीणबाई, फ्राऊ केलर, यांनी मुलांना आधी बटाटे काढायला लावले. मग गरम सूप आणि जाड, काळा पाव. तिथवर मी मजेत होते. जेवणानंतर त्यांनी मुलांना हात पसरून उभं केलं, काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. मला वाटलं, खेळ असेल.

मग कुरणाचं फाटक उघडलं. गाई गोठ्यात आणायच्या होत्या. केवढाली ती धुडं! धुक्यातून एकेक डोकं बाहेर येई आणि मी एकेक पाऊल मागे सरके. ऋचा कुंपणाच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे गवतात एक ओलं वासरू पडलं होतं. त्याची आई ऋचाकडे वळली आणि तिनं धडक द्यायला मान खाली घातली.

मी किंचाळत धावले. गाय गर्रकन माझ्याकडे फिरली.

“मावशी, पळू नको! उभी राहा!”

एरवी माझ्याशीही जर्मनमध्येच बोलणारी ऋचा मराठीत ओरडली. मी जागीच थिजले. ती हात पसरून, कडेकडेनं माझ्याजवळ आली आणि गाईशी हलक्या आवाजात बोलत राहिली. गाईचा गरम श्वास माझ्या हाताला लागला. ती फुरफुरली, थांबली आणि वासराकडे परतली. केलरबाईंनी धावत येऊन आम्हाला उलट्या पावलांनी बाहेर काढलं. त्याही पांढऱ्याफटक पडल्या होत्या. गाय आजच व्यायली, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बाहेर आल्यावर ऋचाचे दात वाजू लागले.

“तुला भीती नाही वाटली?”

“‘या’... म्हणजे हो, खूप. पण पाठ नाही दाखवायची, असं शिकवलंय.”

परतीच्या बसमध्ये ती माझ्या मांडीवर झोपली. तिच्या नखांत माती होती. मुलांना शेती दाखवायला इतकं जवळ न्यावं का? माझं मन अजून नकोच म्हणतं. पण त्या कोपऱ्यात काय करायचं हे आमच्यापैकी एकीलाच माहीत होतं, आणि ते तिला शाळेच्या याच सहलीत, त्या ‘खेळात’ शिकवलं होतं.