झिलाच्या खबरीला आंबोलीपर्यंत

मालवणहून सकाळच्या सावंतवाडी गाडीत बसलो. सुहास, माझा एकुलता झील (मुलगा), सरहद्दीवर. तिथे झटापट झाली, माणसं गेली, असं टीव्हीवर ऐकलं. तेव्हापासून वीस दिवस त्याचा फोन बंद. त्याच्याच पलटणीतला महेश रजेवर आंबोलीला आलाय असं कळलं, म्हणून निघालो.

दुसरंही एक ओझं होतं. दोन महिन्यांपूर्वी बायको वारली. "तेका कळवू नको, तेचा ध्यान उडतला," हे तिचं शेवटचं बोलणं. कळवलं नाही. अग्नी मीच दिला. फोनवर पोरगा विचारायचा, "आवस (आई) जेवली?" मी म्हणायचो, "जेवली, निजली."

पिशवीत त्याच्यासाठी गोलमो (सुका जवळा) होता. कंडक्टरने नाक धरलं.

"काका, ह्यां बोचकां टपार ठेवा."

"तूच बस टपार. ह्यां सरहद्दीर जातला."

पुढच्या सीटवरचे एक मास्तर वळले. "तिसरं महायुद्ध तिथूनच पेटणार, बघा."

"तुमचो कोण आसा थंय?"

"कोणी नाही."

"मग गप बसा."

सावंतवाडीला गाडी बदलली. उसळपाव मागवला, दोन घास खाऊन सोडला. घाटात धुकं असं की ड्रायव्हर वळणावळणाला हॉर्न देत होता.

महेशचं घर स्टँडच्या मागेच. त्याच्या कपाळाला टाके. त्याच्या आईने चहा पुढे केला.

"सुहास जितो आसा?" मी उभ्यानेच विचारलं.

"मी खाली येयसर (येईपर्यंत) तो बरो होतो. आठ दिस झाले. आता वर फोन लागना नाय."

"लढाई लागली काय रे?"

"लढाई नाय, काका. कोणी पुकारूक नाय. गोळी झाडूची नाय, असो हुकूम. दगड, दांडे."

"मग माणसां कशी मेली?"

तो टाक्यांवर हात फिरवत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सुहासान डोक्यां भादरल्यान, काका. त्या थंडीत. आमी हसलो. तेवा तो म्हणालो, आवस गेली."

गावाच्या मोबाईल ग्रुपवर कोणीतरी तिचा हार घातलेला फोटो टाकला होता, तो त्याने पाहिला. मी कोणाला नको म्हणायचंच विसरलो होतो.

"तुमका सांगू नको, असा तो म्हणालो. बापूस माका सांभाळता, सांभाळूंदे."

म्हणजे सगळं ठाऊक असून तो विचारत होता, आवस जेवली काय.

रस्त्यावरच्या टपरीतून लोकरीची टोपी घेतली, गोलम्याबरोबर महेशकडे दिली. तो चार दिवसांनी वर जाणार.

"काय सांगू तेका?"

"काय नको. मीच सांगतलंय (सांगेन)."

परतीच्या गाडीत तेच डोक्यात. लढाई कोणी पुकारली नाही म्हणतात. आमच्या घरातलं मरणही मी पुकारलं नव्हतं. म्हणून काय ती मेली नाही? पोराला टकलावर बर्फ घेऊन एकट्याने रडावं लागलं, तेवढंच झालं.

फोन लागला की आधी तेच बोलणार: बाबू, आवस गेली. घरी पोचल्यापासून लावतोय. अजून लागत नाही.