साहेबांचा पारा आणि सात हजार तीनशे सोळा

वहिनी नेमक्या कुणाच्या वहिनी, हे त्या कचेरीत आता कुणी विचारत नाही. खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी. त्यांचा धाकटा दीर तिथे आधीपासून नोकरीला होता, कंपनीची वेबसाइट तो सांभाळायचा. वहिनी रुजू झाल्या त्या सकाळी त्याने सगळ्यांसमोर "वहिनी, इकडे बसा" म्हटलं आणि विषयच मिटला. दुपारपर्यंत रखवालदारापासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी हे नातं परस्पर वाटून घेतलं. वहिनींचं खरं नाव आता फक्त त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्राला माहीत आहे, आणि तेही बहुतेक वेळा उलटं लटकलेलं असतं.

कंपनी लिफ्ट दुरुस्त करणारी. कुणाची लिफ्ट बिघडली की तो वेबसाइटवर तक्रार टाकतो आणि मेकॅनिक हत्यारांची पिशवी उचलून निघतो. ही वेबसाइट ज्या सर्व्हरवर चालते, तो म्हणजे मागच्या खोलीतलं एक करडं खोकं. दिवसभर पंखा लावून घोरत असतं. त्या खोक्याला पत्ता एकच, पण त्या पत्त्यावर क्रमांक घातलेली पासष्ट हजारांहून जास्त दारं. त्यांना पोर्ट म्हणतात. वेबसाइटला त्यातली दोन पुरतात, बाकीची बंद असलेली बरी, नाहीतर जगातला कुणीही रिकामटेकडा आत डोकावतो. तर वहिनींचं काम हे, की बाहेरून जायचं आणि एकेका दारावर टकटक करून उघडं कोणतं ते बघायचं. टकटक अर्थात संगणक करतो. वहिनी हाताची घडी घालून उत्तरं ऐकतात.

उत्तरं तीन प्रकारची येतात, आणि हे तीनही प्रकार वहिनींना लग्न झाल्यापासून पाठ आहेत. पहिलं दार विचारायच्या आत "नाही" म्हणून मोकळं होतं. हे बंद पोर्ट, म्हणजे त्यांचा नवरा. दुसऱ्या दारातून काहीच उत्तर येत नाही, घरात कुणी आहे की नाही तेही कळत नाही. ह्याच्यामागे पहारा असतो; म्हणजे सासूबाई. आणि तिसरं दार टकटक केल्याबरोबर "या या, बोला" म्हणत सताड उघडतं. ते म्हणजे भावोजी, वेबसाइट सांभाळणारा तो धाकटा दीर. सर्व्हरवर असं दार सापडणं वाईट, घरात असणं त्याहून वाईट, असं वहिनी म्हणतात.

सध्या वहिनींना रजा हवी होती. त्यांची ताई सहा वर्षांनी परदेशातून यायची होती, ती अवघ्या आठ दिवसांसाठी. दोघींनी फोनवर त्या आठ दिवसांचं इतकं काही ठरवून ठेवलं होतं, की त्याला महिना लागला असता. पण रजेचा अर्ज घेऊन वहिनी साहेबांच्या खोलीत तीनदा गेल्या आणि तीनदा भाजून निघाल्या. दार ढकललं, की आतून पहिला शब्द यायचा, "दार!" दुसरा, "वहिनी, ही काय वेळ आहे?" अर्ज टेबलापर्यंत पोचायचाच नाही. तिसऱ्या वेळी साहेब एवढं मात्र म्हणाले, "आधी तो तपासणीचा अहवाल स्वच्छ जाऊ दे. मग रजेचं बघू."

तपासणीचं प्रकरण असं, की शहरभर उंच इमारती असलेल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने पत्र धाडलं होतं. तुमच्या सर्व्हरची कोणती दारं उघडी आहेत ते लिहून द्या, नंतर आमचा माणूस स्वतः बघेल.

"त्यात काय, दर महिन्याला तर बघते," वहिनी म्हणाल्या. आणि पत्र पुन्हा वाचताना त्या दोन शब्दांवर अडकल्या. पत्रात लिहिलं होतं, सगळी दारं. वहिनींच्या टकटक करणाऱ्या प्रोग्रामला काही वेगळं सांगितलं नाही, तर तो सगळ्या दारांवर जात नाही. ज्या हजारेक दारांमागे बहुतेक वेळा कुणीतरी असतं, तेवढीच ठोठावतो आणि "झालं" म्हणतो. घाईच्या माणसाची सोय. ही गोष्ट वहिनींना शिकताना माहीत होती. नोकरीत त्या ती सोयीने विसरल्या होत्या. दोन वर्षं त्या हजार दारं वाजवून "सर्व ठीक" लिहीत आल्या होत्या.

"काय झालं वहिनी? चेहरा का असा?" पलीकडच्या टेबलावरून भावोजींनी विचारलं.

"काही नाही. आज जरा पूर्ण वाजवून बघते."

"पूर्ण म्हणजे?"

"म्हणजे पूर्ण. एक ते शेवटपर्यंत."

भावोजींनी चहाचा पेला खाली ठेवला. "कशाला एवढं? किती वेळ जाईल! मी सांगतो ना, काही नाहीये."

"तुम्ही सांगताय म्हणून तर बघते," वहिनी म्हणाल्या.

कचेरीच्या आतून टकटक करण्यात अर्थ नव्हता, घरच्या माणसांना सर्व्हर काहीही उघडून देतो. म्हणून वहिनींनी आपला लॅपटॉप मोबाइलच्या इंटरनेटला जोडला, म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने त्या रस्त्यावरच्या परक्या बाई झाल्या. पूर्ण यादी लावून दिली आणि डबा उघडला. डबा संपून हात धुऊन आल्या, बडीशेपही चघळून झाली, तेव्हा पडद्यावर उत्तर आलं. उघडी दारं तीन. दोन ओळखीची. तिसरं, सात हजार तीनशे सोळा.

हा आकडा वहिनी रोज सकाळी बघत होत्या. भावोजींच्या दुचाकीच्या मागे बसण्याआधी, नंबरप्लेटवर.

"आणि हे म्हणे हुशार," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "चोरून दार पाडलं आणि वर स्वतःच्या गाडीचा नंबर घातला."

त्यांनी मोबाइलवर ते दार उघडलं. एक पान आलं. मधोमध मोठा थर्मामीटर, वर ठळक अक्षरांत 'साहेबांचा पारा'. खाली तीन बटणं. गार, कोमट, तापलेला. जो कुणी साहेबांच्या खोलीतून बाहेर पडेल, त्याने आतली हवा बघून बटण दाबायचं, म्हणजे पुढच्याला अंदाज येतो. घरून निघतानाही बघता यावं म्हणून दार बाहेरच्या जगालाच उघडं ठेवलेलं. वहिनींना हसू फुटलं. मग त्यांची नजर तळाशी गेली. तिथे बारीक अक्षरांत सूचना होती: 'पारा चढला असेल तर आधी वहिनींना आत पाठवावे. त्यांच्यावर ओरडून झाले की अर्ध्या तासात उतरतो.'

हसू जिथल्या तिथे थांबलं.

हिशेबनीस बाईंचा पाय आठवड्यातून दोनदा का मुरगळतो, ते वहिनींना आत्ता समजलं. "वहिनी, एवढी फाइल आत द्याल का, माझा पाय बघा ना." रखवालदार टपाल त्यांच्याच हातात का देतो, तेही समजलं. आणि भावोजी! "वहिनी, आत्ता जा, साहेब मोकळे आहेत," असं तीनही वेळा त्यांनीच सांगितलं होतं. घरी रोज ह्याच माणसाला वाढायचं आणि वर आणखी घ्या म्हणायचं!

कानशिलं तापलेली असतानाच वहिनींना एक गोष्ट खटकली. पारा आत्ता 'तापलेला' दाखवत होता आणि शेजारच्या वेळेवरून बटण नुकतंच दाबलेलं दिसत होतं. पण साहेबांच्या खोलीचं दार त्यांच्या समोरच होतं. सकाळपासून त्या दारातून आत कुणी गेलं नव्हतं, बाहेर कुणी आलं नव्हतं. मग आत माणूस तापलाय, हे बाहेर कळलं कुणाला?

वहिनींनी थोडा विचार केला आणि सात हजार तीनशे सोळा बंद करून टाकलं. ते तर करायचंच होतं. अहवालातही तशी ओळ लिहून टाकली. मग खुर्ची मागे रेलून त्या वाट बघत बसल्या.

पहिल्यांदा हिशेबनीस बाई आल्या, दोन्ही पायांवर व्यवस्थित चालत. "वहिनी, इंटरनेट गेलंय का?"

"नाही. का? काय उघडत नाहीये?"

"काही नाही, काही नाही. असंच." बाई आल्या तशा गेल्या. जाताना निम्म्या वाटेत त्यांना लंगडायची आठवण झाली.

मग रखवालदार. त्याने दारातूनच मान आत घातली, मोबाइल खिडकीच्या बाजूला वर धरून हलवला आणि "रेंज नाही वाटतं" म्हणून निघून गेला. भावोजी जागचे हलले नाहीत. संगणकाच्या पडद्यामागे डोकं खाली घालून ते इतक्या जोरात टंकलेखन करत होते, की त्यातून एकही शब्द तयार होत नसणार.

तेवढ्यात टेबलावरचा आतला फोन वाजला.

"वहिनी," साहेबांचा आवाज. "सर्व्हर बरा आहे ना?"

"एकदम बरा आहे साहेब."

"नाही म्हणजे... एखादं पान उघडत नसेल, असं काही?"

"कुठलं पान, साहेब?"

पलीकडे सासूबाईंसारखी शांतता पसरली.

"मी येतेच," म्हणून वहिनींनी फोन ठेवला, रजेचा अर्ज घेतला आणि साहेबांच्या दारापाशी गेल्या. सबंध कचेरीने श्वास रोखला. ह्या वेळी त्यांनी दार ढकललं नाही. हळूच वाजवलं आणि थांबल्या. आतून काहीतरी खाली ठेवल्याचा, खण सरकवल्याचा आवाज आला. मग, "या."

खण पुरता लागला नव्हता. त्यातून एक डोलकाठी वर आली होती. वहिनींनी न विचारता खण ओढला. आत आगकाड्यांचं जहाज होतं, हातभर लांब, डेकवर कठडा, कठड्याला नखाएवढ्या कड्या. शेजारी गोंदाची बाटली आणि चिमटा. साहेब शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले होते.

"दार ढकललं ना कुणी, की दचकून हात हलतो," ते म्हणाले. "काडी वाकडी चिकटते. ती मग निघत नाही. ही बघा, ही तुमची. ही पण तुमची."

"माझी?"

"तुम्ही तिसऱ्यांदा अर्ज आणलात ना, त्या दिवशीची."

वहिनी खाली बसल्या. "आणि पारा तुम्हीच चढवता."

"हिशेबनीस बाई मीटिंगमध्ये मोबाइल विसरल्या होत्या, त्यावर हे पान उघडं होतं. आधी राग आला. मग म्हटलं, सोय चांगली आहे. बटण दाबलं की तासभर कुणी फिरकत नाही." साहेबांनी चष्मा पुसला. "फक्त तुम्ही! पारा चढवला रे चढवला की तुम्ही हजर. मला वाटायचं, ही बाई एकतर फार शूर आहे, नाहीतर मुद्दाम करते आहे."

"तळाची सूचना वाचली नाहीत?"

"बटण दाबतो आणि मोबाइल ठेवून देतो. तळापर्यंत कधी गेलोच नाही. काय आहे?"

वहिनींनी सांगितलं. साहेब आधी लाल झाले, मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग त्यांनी तोंडावर रुमाल धरला. वहिनींनीही फार वेळ गंभीर राहायचा प्रयत्न केला नाही. बाहेर बसलेल्यांना फक्त दबलेले, चमत्कारिक आवाज ऐकू येत होते. हिशेबनीस बाईंनी पाण्याचा पेला तयार ठेवला.

"पण अहवालाचं काय?" साहेब भानावर आले. "त्यात हे दार लिहावं लागेल?"

"लिहिलं. एक जास्तीचं सापडलं, बंद केलं. खोटं मी लिहीत नाही."

"आणि कशाचं होतं म्हणून विचारलं तर?"

वहिनींनी लिहिलेली ओळ म्हणून दाखवली. "कचेरीतलं तापमान कळण्यासाठी केलेली अंतर्गत सुविधा."

साहेबांनी मान डोलावली. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. थोडं घुटमळून ते म्हणाले, "ती सुविधा फक्त आतल्या आत नाही का चालू ठेवता येणार? बाहेरच्यांना दिसणार नाही अशी? शिडं बाकी आहेत हो अजून. नाजूक काम."

"येईल की. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"मग करता?"

"रजेवरून आले की करते," वहिनी म्हणाल्या आणि अर्ज पुढे सरकवला.

साहेबांनी अर्जाकडे पाहिलं, जहाजाकडे पाहिलं. आठ दिवस. आठ दिवस दारावर कोण केव्हा येऊन धडकेल, काही भरवसा नाही. "तुमच्या भावोजींना नाही जमणार का तोवर?"

"त्यांना जमेल. पण मग तळाची सूचना तीच राहील, आणि आत पाठवायला मी नसेन. दुसरं कुणीतरी शोधतील ते."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

वहिनी बाहेर आल्या तेव्हा भावोजी दाराशीच उभे होते, चेहऱ्यावरचा रंग पार उडालेला. "वहिनी, कसे आहेत? म्हणजे, गार का...?"

"मला कसं कळणार भावोजी? काही बघायची सोय आहे का?"

"वहिनी, ते पान... मी सांगणारच होतो. गंमत म्हणून केलं हो. घरी दादाला नका सांगू."

"दादाला नाही सांगत. आईंना सांगते."

"वहिनी!"

"आत बोलावलंय तुम्हाला. जरा बेताने जा."

हे मात्र खोटं होतं. खोटं त्या फक्त अहवालात लिहीत नाहीत. भावोजींनी शर्ट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला आणि साहेबांच्या दारापुढे उभे राहिले, ढकलावं की वाजवावं ह्या विचारात. हिशेबनीस बाईंनी वहिनींसाठी ठेवलेला पाण्याचा पेला उचलून भावोजींच्या दिशेने सरकवला.

वहिनींनी ताईला फोन लावला. "ये गं. मी घरीच आहे सगळे आठ दिवस."

"दिली रजा? अगं, ते तुझे साहेब तर भयंकर तापट म्हणायचीस!"

भावोजींनी शेवटी दार ढकललंच होतं; वहिनींनी फटीतून आत पाहिलं. साहेब जहाजाचा खण घाईघाईने लोटत होते.

"नाही गं," त्या म्हणाल्या, "कामात असतात एवढंच. बरं, तुझं विमान किती वाजता उतरतं ते सांग, मी घ्यायला येते."