दिनकरभाऊची टूर्नामेंट आणि आमचे आठ होकार

दिनकरभाऊ आज सकाळी गेला, आणि गावाच्या ग्रुपवर ‘सच्चा क्रीडाप्रेमी हरपला’ म्हणून फोटो टाकणारे सगळे तेच आहेत ज्यांनी त्याची टूर्नामेंट बुडवली.

त्यात मीपण आहे. म्हणून लिहितोय.

भाऊ पुण्याला एका क्लबच्या स्क्वॉश कोर्टवर बारा वर्षं कामाला होता. लॉकडाऊनमध्ये क्लब बंद पडला आणि भाऊ रिसोड-मालेगावकडच्या आमच्या गावी परत आला. वांगी-टमाटे लावले, बाजारात बसला.

पण डोक्यातून कोर्ट काही गेलं नाही.

सोयाबीनचं एक गोडाऊन रिकामं होतं. आम्ही सगळ्यांनी राबून त्यात कोर्ट उभं केलं. भाऊने पहिला बॉल भिंतीवर हाणला तेव्हा म्हातारे टाळ्या वाजवत होते. खोटं कशाला सांगू, तेवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

कोरोना ओसरला तसं भाऊने जाहीर केलं, इथे प्रोफेशनल टूर्नामेंट घ्यायची.

“आपल्या इथं कोन येईन भाऊ?” मी म्हटलं.

“येतीन! दोन वर्सं झाली त्यायच्या मॅचेस बंद हायेत. खेळावरच पोट हाय त्यायचं. आपन फक्त राहाले जागा देऊ अन् जेवू घालू.”

गावात लॉज नाही. एका घरी एक खेळाडू, असं ठरलं.

इथेच भाऊ चुकला. लग्नाचं बोलावणं करतात तसा तो ताटात अक्षता घेऊन घरोघरी गेला. दारात आलेल्या अक्षतांना आपल्याकडे नाही कोण म्हणतं? आठ घरं, आठ होकार. भाऊने ते खरे धरले आणि आठ खेळाडूंना कळवून मोकळा झाला.

चार दिवस आधी फोन सुरू झाले.

“बाहेरची मानसं हायेत भाऊ, पुन्हा कोरोना आला त?”

“घरात लेकरंबाळं हायेत, समजून घे.”

त्याच महिन्यात लग्नाच्या पंगती गच्च भरत होत्या बरं का. तिथे कोरोनाला बोलावणं नव्हतं.

सात घरं फिरली. भाऊने खेळाडूंना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. नाशिकची एक मुलगी तेवढी निघाली होती, तिचा फोन लागला नाही.

ती माझ्या घरी उतरणार होती. माझा नकार मी कळवलाच नव्हता. तेवढीही हिंमत नव्हती.

भाऊ तिला स्टँडवरून थेट माझ्या दारात घेऊन आला. मी दार उघडलं नाही. खिडकीतून बोललो.

“भाऊ, घरात आई हाय. तिची तब्येत बरी नाही.”

आई घरात नव्हतीच. रिसोडला लग्नाला गेली होती.

आणि भाऊला ते माहीत होतं. सकाळी त्यानेच तिला मोटरसायकलवर स्टँडपर्यंत सोडलं होतं.

त्याने मुलीची बॅग पुन्हा खांद्याला लावली. मग त्या मुलीकडे वळला.

“मॅडम, चूक माही हाय. म्याच सुभाषले नीट सांगतलं नाही.”

तिला आपल्या घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसवून दिलं. कोर्टात पुन्हा सोयाबीनची पोती लागली.

त्यानंतर भाऊ मला एका शब्दानेही टाकून बोलला नाही. फक्त भेटला की दर वेळी विचारायचा, “काय रे सुभाष, आईची तब्येत कशी हाय?”

मी दर वेळी मान खाली घालून ‘बरी हाय’ म्हणायचो.

भाऊ, आई बरी आहे. त्या दिवशीही बरी होती.

माफ कर. शेवटचा रामराम.